गीक्सच्या गाइडमधली जुनी पॅकेज उदाहरणं अपडेट करायचीत, नुसता व्हर्जन नंबर बदलून भागेल का?

ऐरोलीवाली

नमस्कार मंडळी. ठाणे आणि नवी मुंबईतले आम्ही काहीजण रविवारी वाशीला जमतो आणि गीक्सवर, म्हणजे Guix या पॅकेज मॅनेजरवर, पॅकेजिंग (सॉफ्टवेअर कसं बिल्ड आणि इन्स्टॉल करायचं ते लिहून ठेवणं) शिकतो-शिकवतो, त्यासाठी मराठीत एक गाइड लिहिलेलं आहे, ऑर्ग-मोडमधे (इमॅक्सचा मजकूर लिहायचा प्रकार). त्यातली पॅकेज डेफिनिशनची उदाहरणं गीक्स १.३ च्या काळातल्या मॅन्युअलवरून बेतलेली आहेत आणि तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. आता नवीन मुलं येतात, त्यात डिप्लोमावाले आहेत, महापे-रबाळे साइडला नोकरी करणारे पण आहेत, आणि ते काय करतात तर गाइडमधलं उदाहरण उचलतात, नाव बदलतात, यूआरएल बदलतात आणि आपलं पॅकेज तयार करतात. म्हणजे उदाहरणात जे आहे तेच पुढे सगळीकडे जातंय.

एकूण तीन उदाहरणं आहेत. पहिलं आपलं नेहमीचं जीएनयू हेलो, नमुन्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, व्हर्जन २.१०. दुसरं एक छोटं सी मधलं टूल, गिटहबवरून टारबॉल (सोर्सचा दाबलेला गठ्ठा) घेतो, त्यात एक फेज (बिल्डची पायरी) आहे जी सोर्समधला ऑक या प्रोग्रॅमचा पक्का लिहिलेला पाथ बदलते. तिसरं पायथनचं. हेलो अजून व्यवस्थित बिल्ड होतं, बाकीची दोन पण होतात.

तर प्रश्न असा की व्हर्जन आणि हॅश (सोर्सचा चेकसम) नवीन केले की झालं का? की इनपुट्स (पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस) लिहायची पद्धत, आर्ग्युमेंट्स, फेजेस सगळंच नव्या पद्धतीत न्यायचं? ग्रुपमधे दोन मतं आहेत, एकाचं म्हणणं चालतंय ते का मोडायचं. मला ते पटत नाहीये पण नीट कारण देता येत नाहीये. ज्यांनी पॅकेज मॅनेजरच्या डॉक्युमेंटेशनवर काम केलंय त्यांनी सांगा.

पाचपाखाडीकर

कारण देतो. उदाहरण दोन प्रकारे जुनं होतं आणि हे दोन प्रकार वेगळे धरायला हवेत. एक म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर जुनं होतं, दुसरं म्हणजे लिहायची पद्धत जुनी होते. हेलो २.१० हे २०१४ चं आहे आणि २.१२.१ आलं २०२२ मधे, पण जीएनयूच्या सर्व्हरवर जुने टारबॉल काढून टाकत नाहीत, तिथेच असतात, त्यामुळे उदाहरणात २.१० राहिलं तरी वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याला हेलो वापरायचंच नाहीये, पॅकेज कसं लिहितात ते बघायचंय. पद्धत जुनी असेल तर मात्र तो जुनी पद्धत शिकतो आणि त्याने पाठवलेल्या पहिल्याच पॅचवर रिव्ह्यू करणारा म्हणतो की हे सगळं बदल. नव्या माणसाला ते फार लागतं, कारण त्याने तर गाइडमधे होतं तसंच लिहिलेलं असतं ना. म्हणून माझ्या मते तुमचा क्रम उलटा हवा, आधी पद्धत आणि मग सवड मिळाली तर व्हर्जन.

गीक्समधे नेमकं काय बदललं ते सांगतो, ग्रुपमधे जे नको म्हणतायत त्यांना दाखवा. पूर्वी इनपुट्स लिहिताना बॅकक्वोट, मग दोन कंस, मग स्ट्रिंगमधे लेबल, मग कॉमा लावून पॅकेजचं व्हेरिएबल असं प्रत्येक इनपुटला लिहावं लागायचं, म्हणजे बहुतेक वेळा एकच नाव दोनदा. २०२१ मधे हे बदललं आणि आता नुसतं लिस्ट आणि पुढे व्हेरिएबलची नावं, संपलं. लेबल गीक्स स्वतःच पॅकेजच्या नावावरून लावतं. जुनी पद्धत अजून चालते, म्हणून तर तुमची उदाहरणं बिल्ड होतायत, पण मुख्य रेपोतली बहुतेक पॅकेजेस बदलून कधीच झाली आणि नवीन माणूस तो कोड उघडून बघतो तेव्हा त्याला गाइड आणि रेपो यांचा काही मेळच लागत नाही.

आता तुमचं दुसरं उदाहरण, तिथे जपून. फेजमधे ऑकचा पाथ कसा काढलाय? असॉक-रेफ (लेबलवरून इनपुट शोधणारं फंक्शन) इनपुट्स आणि पुढे लेबल असं असेल ना? ते लेबल काय आहे ते इथे सांगा.

ऐरोलीवाली

हो असॉक-रेफ आहे. लेबल "ऑक" आहे आणि पॅकेज गॉक (जीएनयूचं ऑक) आहे.

पाचपाखाडीकर

मला तीच शंका होती. इनपुट्सची ओळ नव्या पद्धतीने केली की लेबल आपोआप "गॉक" होणार, फेज मात्र "ऑक" शोधत बसणार, तिला ते सापडणार नाही आणि असॉक-रेफ तेव्हा ओरडत नाही, गुपचूप फॉल्स देतं. मग पुढे स्ट्रिंग-अपेंडला स्ट्रिंगच्या जागी फॉल्स मिळतं आणि बिल्ड लॉगमधे राँग टाइप असा एरर येतो, त्यात ना ऑकचं नाव ना गॉकचं. नवीन मुलगा तासभर बघत बसेल आणि त्याला कळणार नाही की चूक इनपुट्समधे आहे.

त्यामुळे या उदाहरणात इनपुट्स आणि फेज दोन्ही एकाच वेळी बदला. फेजमधे असॉक-रेफ काढा आणि सर्च-इनपुट-फाइल वापरा, त्याला लेबल लागतच नाही, बिन/गॉक असा फाइलचा पाथ द्यायचा आणि ते सगळ्या इनपुट्समधे शोधतं. नाही सापडलं तर तिथल्या तिथे फाइलचं नाव घेऊन एरर देतं. शिवाय उद्या कोणी गॉकच्या जागी दुसरंच पॅकेज दिलं, पण त्यात ती फाइल असेल, तरी चालतं. आणि फेजच्या शेवटी हॅश-टी (म्हणजे ट्रू) लिहिलेलं असेल तर ते पण काढा. पूर्वी प्रत्येक फेजने शेवटी ट्रू द्यायचं असा नियम होता, आता नाही. या उरलेल्या हॅश-टी सारख्या गोष्टी लोक मंत्रासारख्या कॉपी करतात, विचारलं हे कशाला तर कोणाला सांगता येत नाही.

गीक्स स्टाइल नावाची कमांड आहे, तिला इनपुट्सची स्टाइल सांगितली की ती जुनं नव्यात करून देते. डिफॉल्टला ती फार सांभाळून चालते, पॅकेज परत बिल्ड करावं लागणार नाही एवढेच बदल करते, आणि लेबल आणि पॅकेजचं नाव जुळत नसेल तर तसं सांगून सोडून देते. तुमच्या दुसऱ्या उदाहरणावर ती नेमकी इथेच थांबेल, तेवढं हातानेच करावं लागेल. पण चालवून बघा, कुठे थांबते त्यावरून धोका कुठे आहे ते कळतं.

घणसोली_निक्स

मी निक्सवाला (गीक्ससारखाच दुसरा पॅकेज मॅनेजर) पण हा धागा वाचून राहवलं नाही, कारण हॅशबद्दल कोणी बोललंच नाहीये आणि उदाहरणं अपडेट करताना सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

निक्स आणि गीक्स दोन्हीकडे सोर्स डाउनलोड करणारी जी पायरी असते तिचा स्टोअरमधला (सगळं जिथे साठतं त्या फोल्डरमधला) पाथ दोन गोष्टींवर ठरतो, नाव आणि हॅश. यूआरएल काय आहे याचा त्यात संबंध नाही. आता निक्समधे फेच-फ्रॉम-गिटहब वापरलं की डाउनलोड केलेल्याचं नाव डिफॉल्टला "सोर्स" असतं, व्हर्जन काहीही असो. म्हणजे तुम्ही उदाहरणात व्हर्जन वाढवलं आणि हॅश बदलायचा राहिला तर नाव तेच, हॅश तोच, तुमच्या मशिनवर जुना सोर्स आधीच आहे, निक्स म्हणतं हे माझ्याकडे आहे की, आणि डाउनलोडच करत नाही. बिल्ड हिरवं. नाव नव्या व्हर्जनचं आणि आत कोड जुना. तुम्ही खुशीत डॉक्युमेंटेशनमधे टाकता आणि ज्याच्या मशिनवर काहीच नाही असा नवा माणूस करायला जातो तेव्हा त्याला हॅश मिसमॅच. सगळ्यात वाईट म्हणजे लिहिणाऱ्याकडे हा दोष दिसूच शकत नाही.

म्हणून निक्सवाले व्हर्जन वाढवताना आधी हॅशच्या जागी लिब-डॉट-फेकहॅश (मुद्दाम खोटा हॅश) टाकतात, बिल्ड पडतं, एररमधे खरा हॅश येतो, तो उचलून टाकायचा. गीक्समधे गिट-फेच (सोर्स थेट गिटवरून घेणं) वापरताना फाइल-नेमला गिट-फाइल-नेम, नाव आणि व्हर्जन असं जे लिहितात ते काही शोभेचं नाहीये, नावात व्हर्जन आलं की हा गोंधळ टळतो. तुमच्या उदाहरणात ती ओळ नसेल तर घाला आणि खाली एका वाक्यात लिहा का घातली.

दुसरं, तुम्ही म्हणालात गिटहबवरून टारबॉल. तो प्रोजेक्टने स्वतः रिलीज म्हणून चढवलेला आहे की गिटहब आपोआप बनवून देतं तो? आपोआपवाला असेल तर उदाहरणातून काढाच. जानेवारी २०२३ मधे गिटहबने टारबॉल दाबण्याची पद्धत बदलली, आतल्या फाइल त्याच पण बाहेरचे बाइट वेगळे, त्यामुळे चेकसम जुळेनासे झाले आणि एका दिवसात किती तरी प्रोजेक्टची बिल्ड्स पडली, मग त्यांनी बदल मागे घेतला. टॅगवरून गिट-फेच केलं की हा प्रश्न येत नाही, कारण तिथे हॅश फाइलींच्या मजकुराचा असतो, दाबलेल्या गठ्ठ्याचा नाही.

कळवा_डेब

डेबियनकडून एक भर घालतो, कारण आमच्याकडे हीच गोष्ट वेगळ्या रूपात आहे. पूर्वी पॅकेजच्या डेबियन फोल्डरमधे कॉम्पॅट नावाची छोटी फाइल असायची, त्यात नुसता एक आकडा, डेबहेल्पर या बिल्ड करणाऱ्या टूलची लेव्हल. आता ती फाइल लागत नाही, कंट्रोल फाइलमधे बिल्ड-डिपेंड्सला डेबहेल्पर-कॉम्पॅट आणि कंसात १३ असं लिहितात. आता नेटवर जुनी ट्युटोरियल भरपूर आणि नवी पण. शिकणारा अर्धं इकडून घेतो अर्धं तिकडून, फाइल पण ठेवतो आणि कंट्रोलमधे पण लिहितो, आणि डेबहेल्पर सरळ सांगतं की लेव्हल दोन ठिकाणी दिलीय, मी चालणार नाही. दोन्ही ट्युटोरियल आपापल्या जागी बरोबर असून माणूस अडकतो.

सांगायचं हे की तुमच्या तीन उदाहरणांपैकी एक नवीन करून दोन जुनी ठेवू नका. करायचं तर तिन्ही एका दमात करा. मिसळलेली पद्धत ही पूर्ण जुन्या पद्धतीपेक्षा वाईट.

एक मत वेगळं मांडतो. खरं सॉफ्टवेअर उदाहरणात घ्यायचंच कशाला, फू-१.० असं काल्पनिक नाव घ्या, एक्झाम्पल-डॉट-ऑर्गची यूआरएल द्या, मग ते कधी जुनंच होणार नाही.

पाचपाखाडीकर

कळवावाले दादा, एका दमात करायचं हे एकदम बरोबर. पण काल्पनिक नावाला माझा ठाम विरोध आहे. फू-१.० बिल्ड करता येत नाही, म्हणजे ते बरोबर आहे की चूक हे ना वाचणाऱ्याला तपासता येतं ना लिहिणाऱ्याला. नुसतं एखादं फील्ड समजवायचं असेल तर एक-दोन ओळीत फू चालेल, पण पूर्ण पॅकेज दाखवताय तर ते वाचणाऱ्याच्या मशिनवर उभं राहायलाच हवं. हेलो त्यासाठीच चांगलं आहे, छोटं आहे, जुन्या लॅपटॉपवर पण लगेच होतं, आणि कॉन्फिगर-मेक-मेक इन्स्टॉल हा पूर्ण क्रम त्यात दिसतो.

वाशी_सेक्टर१७

मी या ग्रुपमधे अलीकडेच यायला लागलोय, डिप्लोमा करतोय, ताईंनी लिहिलेलं गाइडच वापरतो म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

मला इनपुट्सच्या जुन्या पद्धतीचा तेवढा त्रास नाही झाला, कॉपी केलं चाललं. त्रास झाला तो फाइल चालवताना. गाइडमधलं हेलो डिफाइन-मॉड्यूलने सुरू होतं आणि डिफाइन-पब्लिकने संपतं. मी तेवढंच फाइलमधे टाकलं आणि पॅकेज कमांडला एफ फ्लॅगने ती फाइल दिली, तर एरर. मग कळलं की अशा फाइलच्या शेवटच्या ओळीने पॅकेज हातात द्यावं लागतं, म्हणजे सगळ्यात खाली नुसतं पॅकेजचं नाव लिहायचं, आणि वर डिफाइन-मॉड्यूलच्या ऐवजी यूज-मॉड्यूल्स. गाइडमधलं उदाहरण हे रेपोत किंवा चॅनलमधे (पॅकेज डेफिनिशनच्या वेगळ्या संग्रहात) टाकायचं असतं तसं लिहिलंय आणि आम्ही तर घरी एकच फाइल करून बघत असतो. हे कुठेच लिहिलं नव्हतं.

अजून एक, हेलोचं उदाहरण बघून मला वाटलं की गीक्सच्या रेपोमधे हेलो नावाची वेगळी फाइल असेल, मी शोधत बसलो, आणि खरं हेलो निघालं बेस नावाच्या फाइलमधे. हे चुकीचं आहे असं नाही म्हणत पण एक ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं.

आणि पायथनच्या उदाहरणात टेस्ट्स बंद आहेत, टेस्ट्सला हॅश-एफ, म्हणजे फॉल्स. का ते लिहिलेलं नाही. मी माझ्या पहिल्या पॅकेजमधे पण तसंच ठेवलं कारण मला वाटलं पायथनला तसंच करायचं असतं.

ऐरोलीवाली

वाशी, हे तू लिहिलंस ते फार कामाचं आहे, हे आम्हाला आमचं आम्हाला कधीच दिसलं नसतं. टेस्ट्सचं तर मी उद्याच बघते.

बाकी सगळ्यांनी सांगितलं तसं काल रात्री करून बघितलं. पाचपाखाडीकर म्हणाले तेच झालं, गीक्स स्टाइलने हेलो आणि पायथनचं लगेच करून दिलं आणि दुसऱ्या उदाहरणावर सांगितलं की लेबल जुळत नाही. मुद्दाम नुसत्या इनपुट्स बदलून बिल्ड केलं, ग्रुपला दाखवायला, आणि अगदी तोच राँग टाइपवाला एरर, हॅश-एफ सकट. मग सर्च-इनपुट-फाइल लावलं आणि गेलं. चालतंय ते का मोडायचं म्हणणाऱ्या आमच्या मित्राने तो लॉग बघितला आणि म्हणाला की मग हे गाइडमधे असायलाच हवं.

टारबॉल गिटहबचा आपोआप बनणाराच होता, तो काढून गिट-फेच केलं, कमिटच्या जागी व्ही आणि पुढे व्हर्जन जोडून. फाइल-नेम पण घातलं.

आता पुढचा प्रश्न. ऑफिशियल मॅन्युअलमधे पण अशी एखादी जुन्या पद्धतीची जागा दिसली तर तिथे बदल पाठवावा असं वाटतंय. त्यात काय सांभाळायचं? आणि आमचं गाइड परत असं सडू नये म्हणून काही सोय आहे का?

कोपरी_पूर्व

मी डॉक्युमेंटेशनचंच काम करते, नोकरीत पण आणि फावल्या वेळात मुक्त सॉफ्टवेअरसाठी पण, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गीक्सचं मॅन्युअल टेक्सइन्फो या जीएनयूच्या डॉक्युमेंटेशनच्या भाषेत आहे आणि तिथे ॲट-चिन्ह आणि महिरपी कंस यांना खास अर्थ आहे. स्कीममधे (गीक्सची पॅकेजेस ज्या भाषेत लिहितात ती) कॉमा-ॲट असं लिहितो ना, किंवा जी-एक्सप्रेशनमधे हॅश-डॉलर-ॲट, ते मॅन्युअलच्या सोर्समधे ॲट दोनदा लिहावं लागतं, महिरपी कंसाच्या आधी पण ॲट लावावं लागतं. म्हणजे तुमच्या चालणाऱ्या फाइलमधून उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं तर मॅन्युअल बिघडतं, आणि मॅन्युअलच्या सोर्समधून उचलून फाइलमधे टाकलं तर कोड बिघडतो. त्यामुळे बदल केल्यावर मॅन्युअल बिल्ड करा, इन्फोमधे (मॅन्युअल वाचायचं टूल) उघडा, तिथे दिसणारं उदाहरण परत कॉपी करा आणि ते बिल्ड करून बघा. वाचणारा ज्या रूपात बघणार आहे त्याच रूपात तपासायचं. हे बरेच लोक करत नाहीत.

दुसरी गोष्ट भाषांतरांची. मॅन्युअल फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांमधे आहे आणि ते पीओ फाइलींवर (मूळ मजकूर आणि भाषांतर जोडीने ठेवणाऱ्या) चालतं. मूळ तुकड्यात एक अक्षर जरी बदललं तरी प्रत्येक भाषेतलं त्या तुकड्याचं भाषांतर फझी होतं, म्हणजे कोणीतरी परत बघून हो म्हणेपर्यंत ते वापरत नाहीत आणि तेवढ्यापुरतं इंग्रजी दिसायला लागतं. म्हणून नुसता हेलोचा व्हर्जन नंबर वाढवायला कोणी पॅच पाठवला की मला वाईट वाटतं, फायदा शून्य आणि सगळ्या भाषांतर करणाऱ्यांना काम. पद्धत बदलायची असेल तर त्या उदाहरणात जे काय बदलायचं ते सगळं एकाच वेळी करा, त्यातच व्हर्जन पण नवीन करा, म्हणजे त्यांना एकदाच बघावं लागेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उदाहरणाच्या खाली जे परिच्छेद असतात, हे फील्ड असं का, इथे क्वोट का, तो मजकूर पण वाचा. लोक कोड बदलतात आणि खालचं स्पष्टीकरण तसंच ठेवतात. खाली लिहिलेलं असतं की इथे बॅकक्वोट वापरून लिस्ट केलीय आणि कॉमाने व्हेरिएबलची किंमत आत आणलीय, आणि वर बघावं तर बॅकक्वोटही नाही आणि कॉमाही नाही. शिकणारा माणूस तो बॅकक्वोट शोधत बसतो. जुनं उदाहरण आणि जुनं स्पष्टीकरण एकवेळ परवडलं.

पाठवायचं कसं तर २०२५ पासून गीक्सचं रेपो कोडबर्ग या गिट होस्टिंगच्या साइटवर आहे, पुल रिक्वेस्ट करता येते, पूर्वी पॅच ईमेलने पाठवावे लागायचे. कमिट मेसेजची सुरुवात डॉक आणि कोलनने करा, खाली चेंजलॉगच्या पद्धतीने फाइलचं नाव, कंसात सेक्शनचं नाव आणि काय बदललं ते. रिव्ह्यू करणाऱ्याला सांगा की तुम्ही हे बिल्ड करून बघितलंय, कोणत्या कमिटवर ते पण लिहा, गीक्स डिस्क्राइब देतं ते.

सडू नये म्हणून सोय आहे. उदाहरण गाइडच्या मजकुरात लिहूच नका, वेगळ्या फाइलमधे ठेवा आणि गाइडमधे ती फाइल ओढून घ्या. ऑर्ग-मोडमधे इन्क्लूड आहेच, टेक्सइन्फोमधे व्हर्बेटिम-इन्क्लूड आहे आणि त्यात ॲटची भानगडच राहत नाही. गीक्स स्वतः हे करतं, मॅन्युअलमधे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनची जी पूर्ण उदाहरणं आहेत ती रेपोमधे सिस्टिम-एक्झाम्पल्समधे खऱ्या फाइली म्हणून आहेत आणि मॅन्युअल बनताना तिथून येतात. एकदा फाइल वेगळी झाली की तिच्यावर बिल्ड चालवता येतं, लिंट (लिहिण्यातल्या चुका दाखवणारी कमांड) चालवता येतं, सगळं येतं.

घणसोली_निक्स

कोपरीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. ती तपासणी दोन प्रकारे लावा. एकदा टाइम-मशिनने (गीक्सची ठरावीक जुनी आवृत्ती चालवणारी कमांड) ठरलेल्या कमिटवर, ती कायम हिरवी असायला हवी, आणि एकदा आजच्या गीक्सवर. दुसरी पडली की समजायचं जगात काहीतरी बदललंय आणि उदाहरण बघायची वेळ आली. महिन्यातून एकदा चाललं तरी पुरे. आणि सोर्सचा हॅश तपासायला बिल्डला सोर्स आणि चेक दोन्ही फ्लॅग द्या, म्हणजे ते परत डाउनलोड करून बघतं, स्टोअरमधे आहे म्हणून सोडून देत नाही.

आमच्या निक्सपॅकेजेसच्या मॅन्युअलमधे पण हेच सगळं चालू असतं, शा-२५६ च्या जागी हॅश फील्ड, गो च्या पॅकेजला व्हेंडर-शा-२५६ च्या जागी व्हेंडर-हॅश, रेक च्या जागी फायनल-ॲट्रिब्यूट्स. हे शेवटचं उगीच फॅशन म्हणून नाही. रेक वापरलं की कोणी बाहेरून व्हर्जन बदललं तरी आतली यूआरएल जुन्याच व्हर्जनची राहते, फायनल-ॲट्रिब्यूट्समधे ती पण बदलते. असं ठोस कारण असेल ना तर ते उदाहरणाच्या शेजारीच लिहा, लोक नवी पद्धत मग आपणहून धरतात.

वाशी_सेक्टर१७

ताई, पायथनच्या उदाहरणाचं मी बघितलं. टेस्ट्स चालू करून बिल्ड केलं तर पायटेस्ट सापडत नाही एवढंच म्हणत होतं, नेटिव्ह-इनपुट्समधे (फक्त बिल्डच्या वेळी लागणारी पॅकेजेस) पायटेस्ट टाकलं आणि सगळ्या टेस्ट पास. म्हणजे बंद ठेवायची काहीच गरज नव्हती. प्रोजेक्टमधे आता सेटअप-पीवाय पण राहिलेलं नाही, पायप्रोजेक्ट-टॉमल आहे, म्हणून नव्या व्हर्जनला बिल्ड-सिस्टिम पण पायप्रोजेक्टवाली केली, आणि तिला सेटअपटूल्स वेगळं द्यावं लागलं नेटिव्ह-इनपुट्समधे. फाइल पाठवलीय ग्रुपवर. लिंट चालवलं तर दोन गोष्टी आल्या, सिनॉप्सिसच्या शेवटी पूर्णविराम नको आणि डिस्क्रिप्शनमधे दोन वाक्यांच्या मधे दोन स्पेस हव्यात. केल्या.

ऐरोलीवाली

मस्त केलंस रे. तिन्ही उदाहरणं आता वेगळ्या फाइलींमधे काढलीत, हेलो दोन रूपात ठेवलंय, एक चॅनलसाठी आणि एक घरी एफ फ्लॅगने चालवायला, आणि दोन्हीत काय फरक आहे ते खाली लिहिलंय. हेलो बेसमधे असतं ती ओळ पण टाकली. खालचे परिच्छेद कोपरीताई म्हणाल्या तसे उदाहरण समोर ठेवून ओळ ओळ वाचून काढले आणि खरंच तीन ठिकाणी जुन्या क्वोटचं वर्णन निघालं.

एकच राहिलं. जुनी पद्धत गाइडमधून पूर्ण काढायची का? कारण बाहेरच्या चॅनलमधे, लोकांच्या जुन्या ब्लॉगमधे ती अजून दिसते आणि मुलं विचारतात हे काय.

पाचपाखाडीकर

उदाहरणांमधून पूर्ण काढा, गाइडमधून नको. शेवटी एक छोटा भाग ठेवा, जुना कोड वाचताना. त्यात कॉपी करता येईल असं पूर्ण पॅकेज देऊ नका, फक्त इनपुट्सची जुनी ओळ आणि तिचं नवं रूप शेजारी शेजारी, आणि तुमचाच तो ऑक-गॉकचा एरर लॉगमधे जसा आला तसा, त्याच्या खाली त्याचं कारण. एरर शब्दशः ठेवा, कोणी तो शोधत आलं तर थेट तिथे पोचेल. आणि आउटपुट असलेल्या इनपुटचं पण लिहा, म्हणजे जीलिबचं बिन आउटपुट (पॅकेजचा वेगळा इन्स्टॉल होणारा भाग) हवं असेल तर लिस्टमधे ते कसं द्यायचं, नव्या पद्धतीत तेवढ्या एका जागी बॅकक्वोट आणि कॉमा अजून लागतात आणि मुलं तिथे हमखास अडतात.